नापासांचं कपाट

११ नोव्हेंबर

आज 'लगेच'नी बोलावलं. हे आमचे उपसचिव. कुठलंही काम त्यांना लगेच हवं असतं, म्हणून अख्खी उद्योगखात्याची इमारत मागून त्यांना याच नावाने ओळखते. लिफ्ट बंद. चार जिने आणि माझा उजवा गुडघा. वर पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आला.

काम काय, तर मानपत्र. दुसरं काय असणार! तीस वर्षांत एकशे चाळीस लिहिली असतील. यावेळी परीक्षणशाळेचे पहिले संचालक. वय अठ्ठ्याऐंशी. १९ डिसेंबरला मोठ्या सभागृहात मंत्र्यांच्या हस्ते सत्कार. देशात कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हा प्रत्येक जण आपापल्या मापाने माल काढायचा. एकाचा पंप, तर दुसऱ्याचा दांडा त्यात बसायचा नाही. या संचालकसाहेबांनी भाड्याच्या गोदामात अकरा माणसं घेऊन परीक्षणशाळा काढली, गावोगाव फिरून सगळ्यांना एका मापावर आणलं. परदेशातून सुटे भाग मागवणं बंद झालं ते त्यांच्यामुळे.

"आणि बरं का," 'लगेच' म्हणाले, "साहेबांनी तुमचंच नाव घेऊन मागितलंय. मानपत्र त्याच बाई लिहितील म्हणाले."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. कुणी तरी माझं लिहिलेलं वाचतं म्हणायचं. नोकरीचे सात महिने उरलेत, आता हे ऐकायला मिळालं.

१४ नोव्हेंबर

मसुदा चाळीस मिनिटांत झाला. दूरदृष्टी, अथक परिश्रम, निःस्वार्थ सेवा, राष्ट्राच्या औद्योगिक जडणघडणीतला सिंहाचा वाटा. मागच्या वेळचंच होतं, नाव बदललं.

घरी ह्यांना वाचून दाखवलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर शब्दकोडं घेऊन बसतात. मान वर न करता म्हणाले, "छान आहे. यात माणूस कुठेय?"

म्हटलं, मानपत्रात माणूस नसतोच. हसले. मला नाही हसू आलं. हल्ली कशाचंच येत नाही, नुसतं झोपावंसं वाटतं.

१८ नोव्हेंबर

साहेबांच्या घरी जाऊन आले. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, विधवा लेक सोबतीला. साहेबांची नजर जवळजवळ गेलीये, पण बसतात ताठ. हातात सारखं एक लोखंडी गेज असतं. घोड्याच्या नालेसारखं, त्याला दोन तोंडं. लेकीने समजावलं : पहिल्या तोंडातून तुकडा गेला पाहिजे, दुसऱ्याशी अडला पाहिजे. तसं झालं तर माल पास. बघावं लागत नाही, हाताला कळतं. खिडकीच्या कट्ट्यावर दांड्याचे पाच-सात आखूड तुकडे ओळीने ठेवलेत. पडदा उडू नये म्हणून असतील, प्रत्येकाला दोराही बांधलाय.

मसुदा वाचला. साहेबांनी लेकीला पेन्सिल घ्यायला लावली.

"दूरदृष्टी. मोजता येते?"

"नाही, साहेब."

"काढ. अथक परिश्रम? मी थकायचो की. काढ तेही."

असं करत दीड पानाच्या पाच ओळी राहिल्या. मला अपमान वाटायला हवा होता, पण उलट अंग हलकं झाल्यासारखं वाटलं.

मग म्हणाले, "मी येईन. पण आधी कपाट उघडायचं, मग मानपत्र वाचायचं. नाहीतर मी येत नाही."

कुठलं कपाट? तर नापासांचं. परीक्षणशाळेत ज्याचा तुकडा मापात चुकायचा त्याने तो स्वतः या कपाटात ठेवायचा. चिठ्ठी बांधायची : माप काय हवं होतं, काय झालं, कारण काय, कुणी केला. कारण आपल्या शब्दांत. वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी कपाट उघडायचं. साहेब एकेक तुकडा उचलून विचारायचे, "हा कुणाचा?" ज्याचा असेल त्याने "माझा" म्हणायचं, कारण मोठ्याने वाचायचं, तुकडा परत ठेवायचा. रागवायचं नाही, शिक्षा नाही. मग सगळ्यांनी चहा घ्यायचा. आणि सगळ्यात वरचा तुकडा खुद्द साहेबांचा.

"तुमचा?" मी विचारलं.

"पहिलं मूळ गेज मीच घासलं होतं. केसभर चुकलं. त्यावर तीनशे दहा पंप निघाले, सगळे अडकले. एका गावाला चार दिवस पाणी नव्हतं. तेवढं एक मानपत्रात घाला."

निघताना विचारलं, "बाई, तुमच्याकडे यादी करतात तेव्हा वस्तू बघतात, की कागद?"

म्हाताऱ्या माणसांना काहीही आठवतं. "दोन्ही बघतो, साहेब," म्हटलं.

१९ नोव्हेंबर

परीक्षणशाळेत गेले. कपाट आहे. आत फिनेलच्या बाटल्या, केरसुण्या आणि एक मोडका पंखा.

भांडारपालाने नोंदवही काढली. सहा वर्षांपूर्वीची निर्लेखन यादी. निर्लेखन म्हणजे सामान बाद करून भंगारात देणं. नग दोनशे बारा. शेऱ्याच्या रकान्यात दोनशे बारा वेळा 'नापास'.

अक्षर माझं आहे.

बसायला खुर्ची मागितली. ते वर्ष मी तिथे बदलीवर होते. आई दवाखान्यात होती, मला चार वाजता निघायचं होतं. कपाट उघडून मी एकेक चिठ्ठी हातात घेतली होती, मला आता लख्ख आठवतंय. 'घाई केली.' 'मोजलंच नाही, अंदाजाने केला.' 'घरी भांडून आलो होतो.' वाचलं होतं मी. पण यादीत एकच शब्द उतरवला. सरकारी समितीपुढे दोनशे बारा नापास नग आले, समिती दुसरं काय करणार? तीन सह्या झाल्या. दोघे सहीवाले आता हयात नाहीत. तिसरी मी.

२० नोव्हेंबर

कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली तर सगळी कागदपत्रं वर्षानुवर्षं भिजत पडतात, आमच्याच शाखेतल्या एका बाईंचं झालंय. तीस वर्षांत एक ठपका नाही माझ्यावर. आणि आता हे.

२४ नोव्हेंबर

लगेचना सांगितलं की कपाट रिकामं आहे. कसं झालं ते सांगितलं नाही.

ते क्षणभर डोकं धरून बसले. मग एकदम खुलले. "अहो, त्यांना दिसतंय कुठे? तसलेच वीस-पंचवीस तुकडे करून घ्या, जुन्या चिठ्ठ्या बांधा. म्हातारा खूश, मंत्री खूश. लगेच करा."

मी "हो" म्हटलं. इथेच "साहेब, यादी माझी आहे" म्हणता आलं असतं. जिना उतरताना वाक्य तयार होतं. वर असताना नव्हतं.

२७ नोव्हेंबर

मिस्त्रींकडे गेले. परीक्षणशाळेत पस्तीस वर्षं लेथवर होते, साहेबांच्या पहिल्या अकरा जणांतले एकच उरलेत. आता बाजारामागे एका गाळ्यात आपलं छोटं लेथ मशीन चालवतात. त्यांना मात्र सगळं सांगितलं. अगदी अक्षर माझं आहे इथपर्यंत. कसं कोण जाणे, त्या तेलकट बाकावर बसल्यावर सांगता आलं.

बराच वेळ हात पुसत राहिले. म्हणाले, "माझाही होता त्यात. लागल्यावर पहिल्याच वर्षीचा."

"माफ करा, मिस्त्री."

"माझं सोडा. साहेबांचा होता."

वीस तुकडे करायला तयार झाले, माझ्याकडे बघून. "पंचवीस मिलिमीटरचे दांडे करतो, तेच जास्त होते. चूक कितीची ठेवू?"

"कितीचीही."

"असं नसतं, बाई. चुकीलाही माप असतं. आयुष्य गेलं बरोबर करण्यात, आता म्हातारपणी चुकायचं आणि तेही ठरवून!"

चार शतांश मिलिमीटर जाड ठेवायचं ठरलं. मला घरी यायला तासभर लागला, मध्ये दोनदा बसले.

४ डिसेंबर

आज रजा टाकली. कोरे जाड पुठ्ठे कापून चिठ्ठ्या केल्या आणि चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातल्या, जुन्या दिसाव्यात म्हणून.

हे स्वयंपाकघरात आले. "काय गं, कागद उकळतेस? पगार कमी पडायला लागला का?"

सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील. खुर्ची ओढून बसले, एक ओली चिठ्ठी चिमटीत धरून बघत राहिले. "यांच्यावर कारणं कोण लिहिणार?"

"मीच."

"वीस माणसांच्या चुका तू एकटी लिहिणार?"

मी लिहिल्या. 'घाई केली' तीनदा झालं. खऱ्या चिठ्ठ्यांत एकही कारण दुसऱ्यासारखं नव्हतं. मला मात्र पाचाच्या पुढे सुचेना. शेवटी यांनी दोन सांगितली : 'सांगायला लाज वाटली' आणि 'कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं.' माझ्याकडे न बघता सांगितली. चांगली आहेत, घातली.

९ डिसेंबर

सहा ओळींचं मानपत्र दाखवायला साहेबांकडे. लेक चहा टाकायला आत गेली. साहेब गेज हातात फिरवत म्हणाले, "बाई, काही सांगायचंय का तुम्हाला?"

म्हटलं, "गुडघा फार दुखतो, साहेब."

"हं," म्हणाले. "दुखतं खरं."

मग गेज मांडीवर ठेवलं. मला वाटलं, डोळा लागला. चहा आला तर डोळे उघडेच होते. दारापर्यंत सोडायला लेक आली आणि म्हणाली, "बाबांना मी म्हटलं होतं, दुसरं कुणी लिहील, तुमचा मसुदा किती खोडावा लागला. तर म्हणाले, नाही, त्याच बाई हव्यात. मला त्यांना वेळ द्यायचाय म्हणाले." किती मोठ्या मनाचा माणूस. माझं लिखाण सुधारावं म्हणून वेळ देतोय. आणि मी काय करतेय!

१२ डिसेंबर

मिस्त्रींनी तुकडे आणून दिले. काळं तेल लावून जुने केलेत. नीट बोलले नाहीत.

"मापात चुकलेत ना सगळे?" मी विचारलं.

"मोजले नाहीत. गेज लावायची लाज वाटली."

वीस चिठ्ठ्या बांधल्या. गाठी मारता मारता बोटं दुखायला लागली. आता फक्त हा आठवडा पार पडू दे.

१९ डिसेंबर

जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळी अकरा. सभागृह गच्च. परीक्षणशाळेतून कपाट आणून रंगवून रंगमंचावर ठेवलेलं. मी बाजूला मानपत्र हातात घेऊन उभी. मिस्त्री दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मंत्र्यांचं भाषण झालं : दूरदृष्टी, अथक परिश्रम, सिंहाचा वाटा. तो मसुदाही माझाच.

मग लेकीने साहेबांना कपाटापाशी नेलं. त्यांनी चाचपून पहिला तुकडा उचलला, रुमालाने पुसला, खिशातून गेज काढलं. पहिल्या तोंडातून तुकडा सरळ गेला. दुसऱ्याशी अडला.

"हा पास आहे," ते माईकमध्ये म्हणाले.

लोक हसले. त्यांना गंमत वाटली. साहेबांनी दुसरा घेतला. पास. तिसरा. पास. चौथा घेतला तेव्हा हसू थांबलं होतं. 'लगेच' माझ्याकडे बघत होते, चेहरा पांढराफटक. मी मिस्त्रींकडे बघितलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. चार शतांश जाड ठेवायचे ठरवून बसले आणि हाताने सवयीने वीसच्या वीस बरोबर काढले होते.

साहेबांनी पाचवा तुकडा वर धरला. "हा कुणाचा?"

दुसऱ्या रांगेत मिस्त्रींनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठायला लागले. पंचाहत्तरीचा माणूस, माझ्यासाठी खोटं काम केलेला, आणि आता उठून "माझा" म्हणणार होता. ते मला बघवेना. माझे पाय आधी निघाले, मी मागून गेले.

"साहेब, माझा," म्हटलं. माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "तुकडे खोटे आहेत. खरे दोनशे बारा सहा वर्षांपूर्वी भंगारात गेले. यादी मी केली होती."

मंत्री घड्याळ बघत होते.

"कारण?" साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नाही. घरी चहा घेताना बोलतात तसंच.

"चिठ्ठ्या वाचल्या होत्या, साहेब. पण 'नापास' एवढाच शब्द घेतला."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. चार घड्यांचा कागद आणि एक कोरी चिठ्ठी, दोऱ्यासकट. कागद उघडून माझ्या हातात दिला. माझी यादी. माझं अक्षर, कागद पिवळा पडलेला.

"लिहा," म्हणाले. "ती चिठ्ठी कोरी ठेवून सहा वर्षं झाली."

मी तिथेच, हातातल्या मानपत्राच्या फळीवर चिठ्ठी ठेवून तेच लिहिलं. अक्षर घाणेरडं आलं. साहेबांनी चाचपडत चिठ्ठी यादीला बांधली आणि कपाटात वरच्या खणात ठेवली. मग म्हणाले, "आता वाचा मानपत्र."

सहा ओळी वाचल्या. शेवटची होती : 'यांच्या चुकलेल्या गेजमुळे एका गावाला चार दिवस पाणी नव्हतं, आणि ते यांनी स्वतः सांगितलं.' टाळ्या वाजल्या की नाही, खरंच आठवत नाही.

२० डिसेंबर

बारा तास झोपले. हे दोनदा येऊन श्वास बघून गेले म्हणे.

२४ डिसेंबर

कारणे दाखवा नोटीस आली. लगेचची सही. यावेळी खरोखर लगेच. सात दिवसांत खुलासा द्या. चार पानं लिहिली : आईचं आजारपण, अपुरा कर्मचारीवर्ग, समितीची सामूहिक जबाबदारी. यांना वाचून दाखवली.

"यात तू कुठेयस?" म्हणाले.

फाडली. एक ओळ लिहिली, चिठ्ठीवर होती तीच. पुढे काय व्हायचं ते होईल. निवृत्तीची कागदपत्रं अडकणार हे नक्की. भीती वाटतेच, वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल.

आज साहेबांची लेकही येऊन गेली. भंगारवाल्याकडून साहेबांना त्यावेळी सातच तुकडे परत मिळाले होते, बाकीचे वितळले. यादी त्यानेच दिली, मालासोबतची प्रत. ते सात खिडकीत ठेवलेले असतात, चिठ्ठ्या तेवढ्या सोडवून आत जपल्यात. आणि मी त्यांना पडद्याचं वजन समजत होते! साहेबांचा स्वतःचा तुकडा त्यात नाही. तीन दिवस ढिगात शोधला म्हणे, मिळाला नाही.

हे ऐकल्यावर मात्र रडू आवरेना. तिने माझा हात धरला, आणि मग तीही रडली.

३१ डिसेंबर

वर्षाचा शेवटचा कामाचा दिवस. परीक्षणशाळेत कपाट उघडलं, सहा वर्षांनी. मी, मिस्त्री, भांडारपाल, हल्लीची नऊ माणसं, आणि साहेब खुर्चीवर. फिनेलचा वास अजून गेला नाहीये.

पहिला मान साहेबांचा असतो. त्यांनी रिकामा तळहात पुढे केला, जणू त्यावर काही ठेवलंय. दुसऱ्या हाताने ते नसलेलं गेज सावरलं.

"हा कुणाचा?" स्वतःच विचारलं. "माझा. कारण, दुसऱ्या कुणाला तपासायला दिलं नाही. केलं मीच आणि तपासलं मीच."

मग तो रिकामा हात कपाटापर्यंत नेला आणि वरच्या खणात ठेवून काढून घेतला. मिस्त्रींनी मान फिरवली.

सात खरे तुकडे झाले. पाचव्याला मिस्त्री "माझा" म्हणाले. भंगारात गेला असं ज्याला ते समजत होते, तो त्यांचा पहिल्या वर्षाचा तुकडा त्या सातांत होता. चिठ्ठीवर 'आवाज ऐकून कळतं असं वाटलं' लिहिलेलं. वाचताना हसायला लागले आणि हसता हसता खालीच बसले.

आठवी माझी यादी.

"हा कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं, आणि कारण मोठ्याने वाचलं. मी ती परत ठेवली. मग सगळ्यांनी चहा घेतला.